मामा आणि सरळ रेघ

जगाचं काहीतरी चुकतंय असं बहुतेकांना वाटत असतं. पण ते नेमकं किती मायक्रॉननं चुकतंय हे ठाऊक असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. मामांइतका काटेकोर माणूस पुण्यात दुसरा झाला नाही, असं म्हटलं तर निम्मं पुणं तो स्वतःचा अपमान समजेल याची मला कल्पना आहे, तरीही म्हणतो. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ते तपासनीस होते. टूलरूम म्हणजे यंत्रांना लागणारे नेमके सुटे भाग जिथं हातानं, निगुतीनं घडवतात ती जागा. तिथं घडलेली वस्तू बरोबर आहे की नाही हे सांगायचं आणि सही करायची, हे त्यांचं काम. हे काम ते आठ तास पगारी करत आणि उरलेले सोळा तास हौसेनं. कुणाच्याही घरी गेले की आधी डावा डोळा मिटायचा, उजवा दाराच्या चौकटीला लावायचा आणि चौकट या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळायची. "बसा ना मामा" हे वाक्य त्यांना निदान तीनदा ऐकवावं लागे, कारण चौकटीनंतर खिडकीचा नंबर असायचा. आम्ही कोथरूडला भाड्यानं जागा घेतली तेव्हा ते घर बघायला आले आणि घरमालकांच्या देखत भिंतीला गाल लावून म्हणाले, "भिंतीला पोट आलंय." घरमालक अस्सल पुणेरी. ते थंडपणे म्हणाले, "हो का? मग डोहाळजेवण करू या." मामा तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "त्यापेक्षा गवंडी बोलवा." पुढची तीन वर्षं घरमालकांनी आमच्याशी हवापाण्यापलीकडं एक शब्द काढला नाही.

मामा राहायचे विश्रांतवाडीत. त्यांचे वडील विदर्भातून मजुरीसाठी इकडं आले आणि इथलेच झाले. मामांचा जन्म इथला, भाषा इथली. पण फार संतापले की वडिलांची बोली आपोआप जिभेवर यायची. "मले शिकवू नका" असं त्यांच्या तोंडून आलं की समोरच्यानं विषय बदललेला बरा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. विश्रांतवाडीच्या स्टॉपवर बसची रांग ते सरळ करवून घेत. "अहो ताई, अर्धं पाऊल आत. तुम्ही भाऊ, जरा बाहेर." माणसं ऐकतही असत, कारण आवाज अधिकाराचा होता. रांग एकदा सुतात आली की मामा मागं जाऊन ती नजरेनं तपासत, आणि तेवढ्यात आलेल्या बसमध्ये मामा सोडून सगळे चढत.

एकदा शेजारच्या मुलीला कंपासपेटीसाठी पट्टी हवी म्हणून मामा तिच्याबरोबर दुकानात गेले. चांगली पट्टी ओळखायची त्यांची रीत अशी: कागदावर दोन ठिपके काढायचे, पट्टी लावून रेघ मारायची, मग तीच पट्टी उलटी करून त्याच दोन ठिपक्यांना लावायची आणि पुन्हा रेघ मारायची. पट्टी सरळ असेल तर रेघेवर रेघ बसते. वाकडी असेल तर दोन रेघांच्या मध्ये पिस्त्यासारखी बारीक फट दिसते. मामांनी दुकानातल्या एकोणीस पट्ट्यांच्या फटी काढल्या. दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, पट्टी घ्यायचीय की पट्टीचं लग्न जमवायचंय?" मामा विसावी पट्टी उचलत म्हणाले, "लग्नात थोडं इकडंतिकडं चालतं. पट्टीत नाही चालत."

पण या सगळ्याच्या मुळाशी एक पुस्तक होतं. जुन्या बाजारातून त्यांनी कधीतरी ते उचललं होतं. प्राचीन ग्रीक भूमितीचं कुणीतरी केलेलं मराठी रूपांतर. मुखपृष्ठ गेलेलं, पानं तपकिरी. सुरुवातीलाच व्याख्या होत्या. पहिली बिंदूची, दुसरी रेषेची, तिसरी रेषेच्या टोकांची आणि चौथी सरळ रेषेची. जी रेघ आपल्या अंगावरच्या सगळ्या बिंदूंशी सम पडून असते ती सरळ रेघ, असा तिचा मामांच्या तोंडचा आशय. मामा तिथं जे थांबले ते वीस वर्षं थांबले. पाचवी व्याख्या त्यांनी वाचली नाही. पान उलटायला सांगितलं की म्हणत, "पाया भरला नाही तर वर वीट ठेवू नये. आधी मला सांगा, सम पडून असते म्हणजे काय?" हा प्रश्न त्यांनी नातेवाइकांना विचारला, विहारात प्रवचनाला आलेल्या भंतेजींना विचारला, दात काढताना दाताच्या डॉक्टरांना विचारला. एकदा बसमध्ये शेजारी गणिताचे प्राध्यापक निघाले. ते म्हणाले, "त्या जुन्या व्याख्येला अर्थ नाही हो. आता आम्ही सरळ रेषेची व्याख्याच करत नाही. ती गृहीत धरतो." मामा दोन स्टॉप आधीच उतरले. घरी येऊन म्हणाले, "शिकलेला माणूस, म्हणतो गृहीत धरतो. मग मी एकतीस वर्षं सह्या करतोय त्या कशाच्या भरवशावर?"

माझी त्यांची पहिली भेट याच प्रश्नावर झाली. माझ्या बायकोचे, म्हणजे सुजाताचे, वडील लवकर गेले आणि तिला मामांनीच वाढवलं, त्यामुळं मुलगा पसंत करायचा अधिकार त्यांचा. मी आई-वडिलांबरोबर विश्रांतवाडीला गेलो. जय भीम झाला, बसणं झालं, शिक्षण-नोकरी झाली. मी संगणकातला म्हणून तेव्हा जरा भाव खात होतो. मामांनी सावकाश विचारलं, "सरळ रेघ म्हणजे काय?"

"दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर," मी शाळेतलं उत्तर ठोकून दिलं.

"ते अंतर झालं. मी रेघ विचारली."

"म्हणजे ज्या रेघेची लांबी सगळ्यात कमी ती."

"कमी आहे हे मोजणार कशानं?"

"पट्टीनं."

"पट्टी सरळ आहे कशावरून?"

मी आईकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं. दाराआड कुणीतरी हसू दाबलं. शेवटी मी म्हणालो, "माहीत नाही."

"पोहे घ्या," मामा म्हणाले. माझ्या आधी सुजाताला बघायला आलेल्या दोन मुलांनी त्यांच्याशी वाद घातला होता, हे मला लग्नानंतर कळलं.

आता जे सांगायचं ते त्यानंतर तीन वर्षांनी घडलं. बाजार खुला झाला होता. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत परदेशी भागीदार येत होते, आणि भागीदारांच्या मागोमाग स्वेच्छानिवृत्तीच्या याद्या येत होत्या. स्वेच्छा कुणाची, हे विचारायचं नाही. दुसरीकडं आमच्यासारख्यांचे दिवस आले होते. कर्वेनगरात एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची कंपनी होती. चौदा माणसं, नऊ संगणक, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत अमेरिका. एका जर्मन कंपनीच्या मोजणीयंत्रासाठी लागणारी संगणक-प्रणाली आम्ही लिहिली होती. ते यंत्र साधारण असं: दगडी टेबलावर वस्तू ठेवायची, वरून एक दांडी येते, तिच्या टोकाचा लाल मणी वस्तूला ठिकठिकाणी हलकेच स्पर्श करतो आणि वस्तू किती वाकडी आहे ते पडद्यावर उमटतं. आता यंत्राची दांडी स्वतःच थोडी वाकडी सरकते. कुठल्याही यंत्राची सरकते. म्हणून सुरुवातीला टेबलावर एक खात्रीची सरळ पट्टी ठेवायची आणि संगणकाला सांगायचं, ही सरळ, हिच्याशी जो फरक दिसेल तो तुझा दोष, पुढं प्रत्येक मोजणीतून तेवढा वजा कर. प्रणालीतला हा भाग मी लिहिला होता आणि त्याचा मला अभिमान होता. पट्टी जर्मनीहून लाकडी पेटीतून आली होती, सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्रासकट.

हे यंत्र पुण्यात पहिल्यांदा जिथं बसलं तो कारखाना मामांचा. मामांना कोण आनंद! "आमचे जावई मशीन घेऊन येतायत" हे त्यांनी टूलरूममधल्या अकराही जणांना सांगून ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा त्या अकरा जणांनी मला हार घातला. त्यांना हे माहीत नव्हतं, आणि मलाही तेव्हा माहीत नव्हतं, की यंत्र नीट चाललं की टूलरूम बंद करायची असं वर ठरत आलं होतं.

यंत्रावर पहिल्यांदा मोजायला घेतले ते टूलरूमनं घडवलेले आणि मामांनी पास केलेले बारा पोलादी दांडे. पहिला दांडा लाल आला: वाकडा, चाळीस मायक्रॉन. चाळीस मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढं. पण त्या कामात तेवढं फार झालं. दुसरा लाल. तिसरा लाल. बाराच्या बारा लाल. यंत्राच्या काचेच्या खोलीबाहेर टूलरूमची माणसं उभी होती.

मामांनी एक दांडा आपल्या जागी नेला. बिडाच्या सपाट पाटावर निळा रंग फासला आणि त्यावर दांडा घासला. रंग दांड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा लागला. म्हणजे दांडा सरळ. वर्क्स मॅनेजर मागं येऊन उभे होते. मामा म्हणाले, "साहेब, दांडा सरळ आहे."

"कॉम्प्युटर नाही म्हणतोय."

"मग कॉम्प्युटर वाकडा आहे."

मॅनेजर हसले. "पाट तुमचा, रंग तुमचा, डोळा तुमचा. आम्ही नुसता विश्वास ठेवायचा, असंच ना?" मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं, शुक्रवारी बैठक आहे. बारा दांडे नापास म्हणून मामांनी रजिस्टरमध्ये सही करायची. केली, तर स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत सन्मानानं नाव जाईल. नाही केली, तर खोटा माल पास केल्याबद्दल चौकशी.

गुरुवारी संध्याकाळी मामा आमच्याकडं आले. त्या दिवशी त्यांनी चौकट पाहिली नाही. सरळ येऊन खुर्चीवर बसले. सुजातानं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. मग मला म्हणाले, "जावईबापू, तुमचं मशीन ज्या पट्टीवर शिकलं, ती पट्टी तुम्ही तपासलीत?"

"मामा, तिचं सर्टिफिकेट आहे."

"सर्टिफिकेट कागदाचं. पट्टी लोखंडाची. जहाजातून आली, बंदरावर पडून राहिली. मला त्या खोलीत येऊ देत नाहीत, हात लावू देत नाहीत. तुम्ही लावू शकता."

मी आठवडाभर त्या यंत्रापाशी बारा-बारा तास उभा होतो. मॅनेजर मला ऐकवत होते, माझे साहेब फोनवर ऐकवत होते. माझा तोल गेला. "मामा, तुम्हाला नवीन काही मान्यच करायचं नाहीये. जर्मन लोक वाकडी पट्टी पाठवतील का? उद्या उठून म्हणाल पृथ्वी चुकीची फिरतेय."

सुजाता माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता मामा "मले शिकवू नका" म्हणणार. ते उठले, चपला घातल्या आणि सुजाताच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

ते गेल्यावर मी रागारागानं मोजणीचे कागद काढून बसलो. त्यांचं कसं चुकतंय हे मला स्वतःला दाखवायचं होतं. बारा दांड्यांचे आकडे एकाखाली एक मांडले. बाराही दांडे एकाच बाजूला वाकडे होते. बाराही चाळीस मायक्रॉननं. हे दांडे पाच वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या महिन्यांत, हातानं घडवले होते. पाच माणसांचे हात चुकले तर पाच तऱ्हांनी चुकतील. एकसारखं चुकतं ते मोजणाऱ्याचं. मामा म्हणत होते तेच खरं असण्याची दाट शक्यता होती, आणि ती त्या क्षणी जगात फक्त मला दिसत होती.

मी कागद पुन्हा फाइलमध्ये घातले. सुजातानं आतून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." शुक्रवारी यंत्र पसंत असल्याची कारखान्याची सही मिळाली की महिन्याभरात मला अमेरिकेला पाठवतो, असं माझ्या साहेबांनी कबूल केलं होतं. दोन हजार साल तोंडावर होतं, बरोबरीची मुलं एकेक करून विमानात बसत होती. सही पुढं गेली की माझा नंबर गेला. शिवाय माझीच प्रणाली चुकली असं मीच कसं सांगायचं? मी स्वतःला समजावलं की नक्की तरी कुठं माहीत आहे. नुसता संशय आहे.

शुक्रवारच्या बैठकीत आम्ही पाच जण होतो: वर्क्स मॅनेजर, माझे साहेब, यंत्राबरोबर आलेला साठीचा जर्मन इंजिनिअर, मामा आणि मी. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, म्हणून ते उभेच होते. मॅनेजरांनी मला विचारलं, "तुमची प्रणाली काय म्हणते? काही दोष?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाकडं पाहिलं. "प्रणाली बरोबर आहे," मी म्हणालो. शब्दशः ते खरं होतं. जी पट्टी दिली ती सरळ मानायची, एवढंच तिला सांगितलेलं होतं आणि तेवढं ती चोख करत होती.

मॅनेजरांनी रजिस्टर पुढं सरकवलं. मामांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, वाकले. निबाचं टोक कागदाला लागायला आलं आणि तिथंच थांबलं. ते तसेच वाकलेले म्हणाले, "सही करतो साहेब. त्याआधी एकदा ती पट्टी उलटी करून मोजायची परवानगी द्या. एकदाच. मग तुम्ही म्हणाल तिथं सही."

"आता हे काय नवीन?" मॅनेजर वैतागले. जर्मन पाहुण्यानं मला इंग्रजीत विचारलं, हे गृहस्थ काय म्हणतायत? मला आठवतं, माझ्या साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मी काहीही सांगू शकलो असतो. ते थोडा वेळ मागतायत, भावनावश झालेत, काहीही. मी मामांचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्या सबंध प्रकरणात मी केलेलं एवढंच एक बरं काम. पाहुण्यानं हातातला कप खाली ठेवला, मामांकडं नीट पाहिलं आणि उभा राहिला.

काचेच्या खोलीत मामा पहिल्यांदाच आले. दारात चपला काढाव्यात तसे बूट काढायला लागले, तेव्हा पाहुण्यानंच त्यांना थांबवलं. मामांनी हात धुतले, पुसले, सुती मोजे चढवले. पट्टी शिकंज्यातून सोडवली, बाळाला कूस बदलून द्यावी तशी उलटी केली, म्हणजे तीच कड आता दुसऱ्या बाजूला आली. आणि पुन्हा आवळली. मी कळफलकाकडं हात नेला तर म्हणाले, "थांबा. हाताची ऊब लागलीय तिला, उबेनं लोखंड फुगतं. तासभर निवू द्या." मॅनेजरांनी कपाळावर हात मारला. पाहुण्यानं मात्र मान डोलावली आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

तो तास मी विसरणार नाही. काचेपलीकडं टूलरूमची अकरा माणसं, कामं टाकून. अलीकडं आम्ही. मामा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, डोळे मिटून उभे. पट्टी सरळ निघाली तर पडद्यावर सगळीकडं शून्य येणार. म्हणजे एकतीस वर्षांच्या सह्या खोट्या. वाकडी निघाली तर माझं यंत्र खोटं. मला त्या तासात काय व्हावंसं वाटत होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तास भरला. मी कळ दाबली. दांडी सरकली, मणी टेकला. टिक. शून्य. पुढं सरकली. टिक. अकरा. टिक. एकोणतीस. त्रेपन्न. सत्तर. पट्टीच्या मध्यावर मणी टेकला आणि पडद्यावर आला ऐंशी. मग आकडे तसेच उतरत गेले आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा शून्य.

पट्टीला चाळीस मायक्रॉनचं पोट होतं. ते पोट एका बाजूला असताना संगणकानं तिला सरळ मानलं. पोट दुसऱ्या बाजूला गेलं तेव्हा फरक दुप्पट झाला. आणि खरोखर सरळ असलेले बारा दांडे तिच्या मानानं वाकडे ठरले होते. पाहुण्याचा चेहरा लाल झाला. तो बराच वेळ पट्टीवर वाकून राहिला, मग सरळ मामांपाशी गेला आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. मी सांगितलं, "मामा, ते म्हणतायत, बसवण्याआधी आम्हीच ती उलटून बघायला हवी होती. चूक आमची आहे." मामा म्हणाले, "त्यांना सांगा, होतं असं. चहा पिऊ या." काचेपलीकडच्यांना ऐकू काही आलं नव्हतं, पण हात धरलेला दिसला, आणि त्यांतला एक जण चक्क शिट्टी मारून नाचायला लागला.

खरी गंमत पुढं कँटीनमध्ये झाली. मामा चहाचा घोट घेता घेता एकदम थांबले. बशी हातात तिरकी झाली, चहा पांढऱ्या शर्टावर ओघळला, त्यांना पत्ता नाही. "पोट नाही, पाठ नाही!" ते ओरडले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "जावईबापू, कळलं! सम पडून असते म्हणजे काय ते कळलं! वाकड्या रेघेला एका बाजूला पोट असतं, दुसऱ्या बाजूला पाठ असते. म्हणून उलटी केली की ती पकडली जाते. सरळ रेघेला पोटही नाही आणि पाठही नाही. ती दोन्ही बाजूंना सारखी. उलटी ठेवा, टोकांची अदलाबदल करा, तिच्याच अंगावरून पुढं सरकवा; तिच्यातला कुठलाही तुकडा कुठंही बसतो. दुसऱ्या पट्टीची गरजच नाही हो. ती स्वतःशीच सम आहे!" आणि मग कपाळावर हात मारून, "वीस वर्षं मी दुकानात पट्ट्या उलट्या करतोय, आणि डोक्यात उजेड पडायला जर्मनीहून वाकडी पट्टी यावी लागली." त्या रात्री त्यांनी पाचवी व्याख्या वाचायला घेतली असं मामी सांगतात. ती पृष्ठभागाची होती. मामा तिथं पुढं सात वर्षं राहिले.

दांडे पास झाले, रजिस्टर कोरं राहिलं, चौकशी बारगळली. दुसरी पट्टी आली. ती मामांनी आधी उलटून पाहिली, मगच यंत्राला लावू दिली. टूलरूम मात्र त्यानं वाचली नाही. थोडी जास्त जगली इतकंच. दीड वर्षात कारखानाच हलला, जागा विकली गेली, आणि अकराही जणांनी एका दिवशी स्वेच्छानिवृत्तीवर सह्या केल्या. मामांनीही केली. त्या सहीआधी त्यांनी कसलीच परवानगी मागितली नाही.

माझी अमेरिका लांबली, पण चुकली नाही. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी एकटाच विश्रांतवाडीला गेलो. मामी बाजारात गेल्या होत्या. मामांनी चहा केला. मी कप हातात धरून, त्यांच्याकडं न बघता, सगळं सांगून टाकलं: गुरुवारचे कागद, बारा दांडे, एकाच बाजूचे चाळीस, मिटलेली फाइल. ते म्हणतील, मला ठाऊक होतं; म्हणतील, जाऊ द्या, तरुण होतात. मी बहुधा तेवढ्यासाठीच गेलो होतो.

त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगेपर्यंत त्यांच्या मनातही आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं.

"मी तुझ्याकडं बघितलं होतं रे," ते म्हणाले. "फार एकटं वाटलं होतं मला तिथं."

मी मान वर केली नाही. त्यांनी माझ्या हातातला गार झालेला कप घेतला, मोरीत ओतला आणि दुसरा चहा टाकला. तो आम्ही प्यायलो. निघताना ते आळंदी रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आले. गुडघा दुखत होता, तरी आले. रिक्षा थांबली, मी आत बसलो, तेव्हा ते वाकून हळूच म्हणाले, "सुजाताला हे सांगू नका. तिला वाईट वाटेल." पुन्हा 'नका'वर आले होते.

मी नाही सांगितलं. त्यानंतर मामा बरीच वर्षं होते. फोनवर बोलायचे, आमच्या मुलांची चौकशी करायचे, तो विषय त्यांनी परत काढला नाही. त्यांना जाऊनही आता पाच वर्षं झाली. माझ्या हातचं लिहिलेलं काहीही सगळ्यात आधी सुजाता वाचते. शुद्धलेखनाच्या चुका काढते, आणि आपला चहाचा कप तिथंच विसरून जाते. आत्ता ती स्वयंपाकघरात आहे. थोड्या वेळानं येईल, चष्मा लावेल आणि म्हणेल, "आणा इकडं."